औट दिवसांचे कोपनहेगन

युरोपातील विद्यापीठात घेतलेले शिक्षण कोणत्याही एका दिवशी संपत नाही. प्रबंध सादर होतो, त्याचे गुण काही आठवड्यांनी हाती येतात, मग विद्यापीठाच्या पटावरून नाव कमी होते, आणि या प्रत्येक पायरीवर विद्यार्थ्याच्या खिशातील एकेक सवलत गळून पडते. जर्मनीत पटावरून नाव कमी होण्याला ‘एक्समाट्रिकुलेशन’ असे भारदस्त नाव आहे. ते झाले की बस-रेल्वेचे सत्र-तिकीट जाते, ‘मेन्झा’ म्हणजे विद्यापीठाच्या खाणावळीतील स्वस्त ताट जाते, आणि वसतिगृहाची खोली रिकामी करण्याची तारीखही फार दूर राहत नाही. त्याच्या मोबदल्यात मिळतो तो नोकरी शोधण्यासाठीचा, जास्तीत जास्त १८ महिन्यांचा निवास परवाना. २०२२-२३ या वर्षापासून जर्मनीतील परदेशी विद्यार्थ्यांत भारतीयांचा गट सर्वांत मोठा झाला असल्यामुळे पुणे, नाशिक किंवा कोल्हापूरहून तेथे गेलेल्या पुष्कळांच्या आयुष्यात ही दोन कागदांमधली फट येऊन गेली आहे, आणि त्या फटीत बसेल एवढाच, तीन-साडेतीन दिवसांचा, बहुधा एकट्याने केलेला एक प्रवास हा आता या पिढीच्या शिक्षणक्रमाचा अलिखित शेवटचा पाठ होऊ पाहत आहे.

तो एकट्याने घडतो यामागे स्वभावापेक्षा वेळापत्रक अधिक असते. शिकत असताना मित्रमैत्रिणींच्या घोळक्याने प्राग, पॅरिस, रोम ही शहरे उरकलेली असतात. उत्तर मात्र महाग म्हणून मागे राहिलेली असते, आणि तिची पाळी येते तेव्हा घोळका पांगलेला असतो. स्कँडिनेव्हिया म्हणजे काटेकोर अर्थाने डेन्मार्क, नॉर्वे आणि स्वीडन हे तीनच देश. फिनलंड व आइसलंड यांना धरून जो मोठा गट होतो त्याला नॉर्डिक म्हणतात. या तिघांपैकी जर्मनीला खुष्कीने चिकटलेला देश डेन्मार्क असल्यामुळे, हाताशी थोडे दिवस आणि त्याहून थोडे पैसे असलेल्या माणसाला कोपनहेगन हेच सोयीचे पडते. या लेखापुरते तेच शहर घेतले आहे.

प्रवासाची पहिली मोजणी दिवसांची असते. लक्झेंबर्गमधील शेंगेन या गावी १९८५ साली झालेल्या करारातून जे क्षेत्र उभे राहिले, त्यातील देशांच्या आपसांतील सीमांवर एरवी पारपत्र तपासले जात नाही, आणि एका सदस्य देशाचा निवास परवाना असलेल्या परदेशी माणसाला इतर सदस्य देशांत कोणत्याही १८० दिवसांच्या काळात ९० दिवसांपर्यंत, वेगळ्या व्हिसाशिवाय राहता येते. डेन्मार्कने या व्यवस्थेत २००१ च्या मार्चमध्ये प्रत्यक्ष प्रवेश केला. मात्र २०१६ च्या जानेवारीपासून जर्मन-डॅनिश सीमेवर ‘तात्पुरती’ तपासणी सुरू झाली आणि ती पुनःपुन्हा वाढवली गेल्यामुळे, गाडीत शिरणाऱ्या पोलिसाला पारपत्र आणि परवान्याचे कार्ड या दोन्ही गोष्टी दाखवाव्या लागू शकतात. परवान्याची मुदत संपत आली असेल तर तारखांचे गणित निघण्यापूर्वी दोनदा मांडणे शहाणपणाचे ठरते. ब्रिटनमध्ये शिकलेल्या विद्यार्थ्याला ही सोय नाही, कारण ब्रिटन शेंगेन क्षेत्रात कधीच नव्हते, आणि तीन दिवसांसाठीही त्याला मुलाखत, विमा, बँकेचा उतारा हे सगळे सोपस्कार नव्याने करावे लागतात.

हॅम्बर्गहून निघालेली गाडी जवळपास पाच तासांत कोपनहेगनला पोहोचते. २०१९ पर्यंत हीच गाडी पुटगार्डन बंदरात सबंधच्या सबंध जहाजाच्या पोटात शिरत असे आणि पाऊण तासाने पलीकडच्या रॉडबी बंदरात पुन्हा रुळांवर उतरत असे. त्या खाडीखाली सुमारे १८ किलोमीटर लांबीचा बोगदा बांधायला घेतल्यापासून गाड्या युटलंडच्या द्वीपकल्पावरून वळसा घेतात. हा वळसा कंटाळवाणा मानण्याचे कारण नाही. डेन्मार्क हा बेटांचा देश आहे ही शाळेत पाठ केलेली गोष्ट, फ्यून बेट संपून ‘स्टोअरबेल्ट’ म्हणजे मोठ्या सामुद्रधुनीवर गाडी येते आणि दोन्ही खिडक्यांतून नुसते करडे पाणी दिसू लागते, तेव्हा कुठे अंगावर येते. १९९७ साली खुला झालेला हा रेल्वेमार्ग अर्ध्या वाटेपर्यंत पुलावरून आणि उरलेली अर्धी वाट समुद्राच्या तळाखालून जातो, त्यामुळे पाण्याकडे पाहत असतानाच डब्यात एकाएकी अंधार होतो.

दुसरी मोजणी पैशांची. डेन्मार्क युरोपीय संघाचा सदस्य असला तरी त्याने युरो स्वीकारलेला नाही. २००० साली घेतलेल्या सार्वमतात जनतेने त्याला नकार दिला. तरीही डॅनिश क्रोन युरोशी असा घट्ट बांधलेला आहे की एका युरोला सुमारे ७.४६ क्रोन हा दर वर्षानुवर्षे जवळपास जागचा हलत नाही. विद्यार्थ्याच्या डोक्यात अशा वेळी तीन चलने एकदम फिरत असतात. किंमत क्रोनमध्ये दिसते, साडेसातने भागून ती युरोत येते, आणि मग जुन्या सवयीने तिचे रुपये होतात. या तिसऱ्या पायरीवर बहुतेक वस्तू पुन्हा फळीवर ठेवल्या जातात. महागाईचे एक कारण सरळ आहे. डेन्मार्कमधील मूल्यवर्धित कर, ज्याला तेथे ‘मोम्स’ म्हणतात, १९९२ पासून २५ टक्के आहे, आणि खाद्यपदार्थांसाठी कमी दर ठेवण्याची जी पद्धत युरोपात अन्यत्र आढळते ती येथे पाळली गेलेली नाही. पावालाही तोच कर आणि परफ्युमलाही तोच.

त्यामुळे या प्रवासातील जेवण हा खाद्यभ्रमंतीचा विषय होत नाही. हॉस्टेलच्या सामायिक स्वयंपाकघरात शिजवलेला भात, नळाचे पाणी (ते निःशंक पिता येते) आणि दिवसातून एकदा बाहेरचे काहीतरी, असा बेत ठरतो. बाहेरच्या त्या एका खाण्यासाठी ‘स्मोरब्रोड’ हा पदार्थ ठीक पडतो. राय धान्याच्या काळपट, आंबूस, दाट पावाचा एकच काप खाली, त्यावर लोणी आणि त्यावर रचलेले काहीही, असे त्याचे रूप असते. वरचा काप नसल्यामुळे तो हातात धरून खाण्याऐवजी काट्यासुरीने खातात. हेरिंग मासा, कोळंबी, भाजलेले मांस हे नेहमीचे प्रकार झाले, पण ‘कार्टोफेलमॅड’ नावाचा एक प्रकार निव्वळ उकडलेल्या बटाट्याच्या चकत्यांचा असतो, वर अंड्याचे मेयोनेज आणि बारीक चिरलेली कांद्याची पात. पावावर बटाटा ही कल्पना मुंबईकराला शिकवावी लागत नाही. फरक एवढाच की येथे तिखट नाही, आणि पाव भाकरीइतका खमका असल्यामुळे एका कापात भूक भागते.

नाण्यांशी संबंधित आणखी एक व्यवस्था रस्त्यावर दिसते. पेयांच्या बाटल्या व डबे यांवर ‘पाँट’ म्हणजे अनामत घेतली जाते, आकारानुसार एक, दीड किंवा तीन क्रोन, आणि रिकामी बाटली दुकानातील यंत्रात घातली की ती परत मिळते. कोपनहेगनमध्ये काही कचरापेट्यांना बाहेरून छोटी फळी लावलेली असते. ज्याला अनामत परत घेण्याचा कंटाळा आहे त्याने बाटली तेथे ठेवायची, म्हणजे ज्याचे पोट बाटल्या गोळा करण्यावर आहे त्याला पेटीत हात घालावा लागत नाही. समृद्ध शहरातही बाटल्या वेचणारा माणूस आहे हे ती फळी मान्य करते आणि त्याचा हात घाण होऊ नये एवढे पाहते. तो का वेचतो, या प्रश्नाकडे मात्र वळत नाही.

दीड क्रोन हा शब्द आला आणि येथे थोडे थांबायला हवे, कारण डॅनिश आकड्यांत मराठी माणसाला जे सापडते ते युरोपातील इतर बहुतेक भाषिकांना सापडत नाही. परदेशी पाहुण्यांनी या आकड्यांची टिंगल करायची असा रिवाजच आहे. पन्नासला डॅनिशमध्ये ‘हाल्ट्रेस’ म्हणतात. हा शब्द एका लांबलचक जुन्या शब्दाचे आखूड रूप असून त्याची फोड ‘अर्धा-तिसरा गुणिले वीस’ अशी होते. अर्धा-तिसरा म्हणजे दोन पूर्ण आणि तिसरा अर्धा, अर्थात अडीच. अडीच वेळा वीस म्हणजे पन्नास. जर्मन किंवा इंग्रज माणूस येथे डोके धरून बसतो. पण मराठी ‘अडीच’ हा शब्द संस्कृत ‘अर्धतृतीय’ याचेच झिजलेले रूप आहे, म्हणजे अर्धा-तिसरा. दीड क्रोनला डॅनिश माणूस जो शब्द वापरतो त्याचा अर्थ अर्धा-दुसरा, आणि मराठीतील दीडही दोन व अर्ध यांच्या जोडणीतूनच आला आहे. सत्तरसाठीचा ‘हाल्फ्येर्स’ म्हणजे अर्धा-चौथा गुणिले वीस. अर्धा-चौथा म्हणजे साडेतीन, आणि संस्कृत ‘अर्धचतुर्थ’ झिजून मराठीत त्याचाच ‘औट’ झाला, जो आज ‘औटघटकेचे राज्य’ आणि ‘औट हात देह’ एवढ्या दोन-तीन प्रयोगांपुरता जिवंत आहे. साठ म्हणजे तीन विसा, ऐंशी म्हणजे चार विसा, असे मोजणारी माणसे महाराष्ट्राच्या बाजारात आजच्या विद्यार्थ्याच्या आजीच्या पिढीपर्यंत होती. डॅनिश ‘ट्रेस’ आणि ‘फिर्स’ नेमके तेच सांगतात. एवढेच काय, बावन्न, त्रेपन्न यांत आधी एकक आणि मग दशक येण्याची जी मराठी रीत आहे, तीच डॅनिशचीही आहे.

या साम्यांपैकी विसांनी मोजण्याची पद्धत जगात पुष्कळ ठिकाणी स्वतंत्रपणे उपजलेली आहे आणि तिच्यावरून नातेसंबंध जुळवणे हास्यास्पद ठरेल. अर्ध्या-तिसऱ्याची गोष्ट त्या मानाने अधिक विचार करण्याजोगी आहे. पण तीही रक्ताची खूण म्हणून पाहण्यापेक्षा मोजण्याची एक शैली म्हणून पाहणे बरे. पुढच्या संख्येकडे तोंड करून, ‘तिसरा अर्धा झाला’ असे म्हणणारी ती शैली आहे. हॉस्टेलच्या गल्ल्यावर रक्कम ऐकून ती मनातल्या मनात अडीच विसा अशी उलगडणारा विद्यार्थी त्या रांगेतील एकमेव असा गिऱ्हाईक असतो ज्याला ती चमत्कारिक वाटत नाही. एकट्याच्या प्रवासात अशा बारीकसारीक जिंकण्यांना मोल असते, कारण त्या सांगायला शेजारी कोणी नसते आणि म्हणून त्या लक्षात राहतात.

शहरात उतरल्यावर जाणवणारी पहिली गोष्ट अशी की येथे कोणी काही विचारत नाही. मेट्रोच्या स्थानकांवर अडवणारी फाटके नाहीत आणि २००२ साली सुरू झालेल्या या मेट्रोत चालकही नाही, त्यामुळे पहिल्या डब्याच्या पुढच्या काचेशी बसून बोगदा अंगावर येताना पाहण्यासाठी लहान मुलांची आणि प्रौढ पाहुण्यांची सारखीच चढाओढ असते. तिकीट घेतले आहे असे गृहीत धरले जाते. मधूनच तपासनीस येतो आणि ते नसेल तर दंड जबर असतो. उपाहारगृहांच्या बाहेर झोपलेल्या बाळांच्या बाबागाड्या ठेवून आईबाप आत कॉफी पीत बसलेले दिसतात. दोन वर्षे व्हिसा, बँक, विमा आणि घरमालक यांच्या प्रश्नांना उत्तरे देत आलेल्या विद्यार्थ्याला या न विचारण्याची भूल पडणे स्वाभाविक आहे. मात्र हा विश्वास भोळा नव्हे. त्याला नियमांचे अस्तर आहे, आणि ते नियम कोणी समजावून सांगत नाही.

सायकलीवर बसले की हे लगेच कळते. रस्ता आणि पदपथ यांच्या मध्ये, दोन्हींहून वेगळ्या उंचीवर, ‘सायकलस्टी’ म्हणजे सायकलींचा स्वतंत्र पट्टा असतो. त्यावर उजवीकडून चालायचे, डावीकडून पुढे जायचे, थांबण्यापूर्वी हात वर करायचा. आणि चौकात डावीकडे वळायचे असेल तर थेट तिरके न जाता आधी समोर पलीकडे जाऊन थांबायचे आणि तेथून दुसऱ्या दिव्यावर पुढे जायचे. भाड्याची सायकल घेऊन भारतीय सवयीने चौक तिरका कापणाऱ्या पाहुण्याला मागून येणाऱ्या घंट्यांचा अर्थ पहिल्याच दिवशी समजतो. आतले शहर आणि नॉरेब्रो हे उपनगर यांना जोडणाऱ्या ‘द्रोनिंग लुईसेस ब्रो’ म्हणजे राणी लुईसच्या पुलावर सकाळी उभे राहिले तर हजारो सायकली एका लयीत जाताना दिसतात. ती लय आपोआप आलेली नाही. पुढच्या नॉरेब्रोगेड रस्त्यावरचे दिवे ताशी २० किलोमीटर वेगाशी जुळवलेले आहेत, म्हणजे त्या वेगाने जाणाऱ्याला एकामागून एक हिरवाच दिवा मिळतो. या योजनेला ‘हिरवी लाट’ म्हणतात. घाई करणाऱ्याला तांबडा दिवा आणि रेंगाळणाऱ्यालाही तांबडाच. एकटा माणूस या लाटेत शिरतो तेव्हा तो काही वेळापुरता एकटा राहत नाही, आणि त्यासाठी त्याला कोणाशी ओळख करून घ्यावी लागत नाही.

या शहरात माणसे मोजण्याचीही परंपरा आहे. मध्यवर्ती ‘स्ट्रॉएट’ हा दुकानांचा सलग रस्ता १९६२ च्या नोव्हेंबरमध्ये मोटारींना बंद करून पायी चालणाऱ्यांना देण्यात आला, तेव्हा डॅनिश हवेला आणि डॅनिश स्वभावाला रस्त्यावर रमणे मानवणार नाही, असा आक्षेप घेण्यात आला होता. यान गेल या वास्तुकाराने त्याच रस्त्यावर, ऊनपावसात, चालणाऱ्यांची, उभे राहणाऱ्यांची आणि बसणाऱ्यांची मोजदाद सुरू केली आणि १९७१ साली आलेल्या आपल्या पुस्तकात इमारतींच्या मधल्या जागेतील जीवन हा नगररचनेचा विषय केला. त्याच्या निरीक्षणांतील एक साधे आहे: माणसे जेथे माणसे आहेत तेथे थांबतात, आणि बाकावर बसलेल्याचे तोंड वर्दळीकडे असते. एकट्या प्रवाशाला बसायला जागा कोठे मिळेल याचे याहून चांगले मार्गदर्शन नाही. आज स्ट्रॉएट स्वतः मात्र जगातल्या कोणत्याही शहरात असणाऱ्या दुकानांचा झाला आहे आणि तेथे अर्धा तास पुरेसा होतो. बंदरातील १९१३ सालच्या जलपरीच्या पुतळ्यालाही तेवढाच वेळ द्यावा. ती सव्वा मीटर उंचीची आहे आणि तिच्याभोवतीची गर्दी तिच्याहून उंच असते. ‘हुग’ या, ऊबदार निवांतपणासाठीच्या डॅनिश शब्दावर विमानतळावर पुस्तकांच्या राशी विकल्या जातात, पण ती गोष्ट ओळखीच्या माणसांत, बंद दाराआड घडते, आणि तीन दिवसांच्या पाहुण्याला रस्त्यावरून पिवळ्या दिव्याच्या खिडकीपलीकडे ती फारशी दिसत नाही.

त्यापेक्षा विद्यार्थ्याने जावे असे ठिकाण म्हणजे ‘रुंडेतॉर्न’ हा गोल मनोरा. चौथ्या क्रिस्तियान राजाने १६३७ ते १६४२ या काळात तो बांधला तो विद्यापीठासाठी: वर वेधशाळा, पलीकडच्या चर्चच्या माळ्यावर ग्रंथालय आणि खाली विद्यार्थ्यांचे चर्च. मनोऱ्याला शेवटच्या टप्प्याखेरीज जिने नाहीत. विटांनी फरसबंद केलेला एक रुंद उतार मधल्या पोकळ खांबाभोवती साडेसात फेरे घेत वर जातो. साडेसात हा आकडा वाचून मराठी माणसाच्या मनात शनी आल्याशिवाय राहत नाही, पण चढ सौम्य आहे. १७१६ साली रशियाचा झार पीटर तो घोड्यावरून चढला होता. उताराच्या आतल्या, मध्याला चिकटलेल्या बाजूने चालले तर अंतर कमी आणि चढ खडा, बाहेरच्या भिंतीलगत चालले तर अंतर अधिक आणि चढ सोपा, आणि चुन्याच्या पांढऱ्या भिंतींवर खोल खिडक्यांतून पडणारा उजेड प्रत्येक फेऱ्यात थोडा सरकलेला असतो. समोरच्या बाजूला १६२३ सालचे ‘रेगेन्सन’ हे विद्यार्थी वसतिगृह आहे, आणि तेथे अजूनही विद्यार्थीच राहतात.

मनोरा बांधणारा तोच राजा १६१६ साली डॅनिश ईस्ट इंडिया कंपनी स्थापन करणारा, आणि त्याच कंपनीने १६२० साली तंजावरच्या रघुनाथ नायकाकडून तमिळ किनाऱ्यावरील तरंगंबाडी हे ठिकाण मिळवून तेथे डान्सबोर्ग किल्ला उभारला. पुढे व्यंकोजी भोसल्यांनी तंजावर घेतल्यावर हे छोटे डॅनिश ठाणे मराठी राजांच्या राज्याला लागून नांदले आणि १८४५ साली ते इंग्रज कंपनीला विकले गेले. तंजावरचे दुसरे सरफोजी राजे, ज्यांच्यामुळे सरस्वती महाल ग्रंथालयाला आजचे रूप आले, ते ज्या श्वार्ट्झ नावाच्या मिशनऱ्याच्या देखरेखीखाली शिकले तो १७५० साली याच तरंगंबाडीला, डॅनिश राजाने सुरू केलेल्या मिशनमधून आला होता. कोपनहेगनमध्ये या व्यापाराची जी सर्वांत ठसठशीत खूण होती, ते क्रिस्तियानने बांधलेले ‘बोर्सन’ हे शेअर बाजाराचे घर, २०२४ च्या १६ एप्रिलला आगीत सापडले आणि चार ड्रॅगनांच्या शेपट्यांचा पीळ असलेले त्याचे शिखर कोसळले.

बोर्सनपासून काही मिनिटांवर परदेशी शिकून परतणाऱ्या माणसाला उद्देशूनच बांधले असावे असे एक संग्रहालय आहे. बेर्टेल थोरवाल्डसन हा लाकडावर कोरीवकाम करणाऱ्या आइसलँडिक कारागिराचा मुलगा. अकादमीची शिष्यवृत्ती घेऊन तो ८ मार्च १७९७ रोजी रोमला पोहोचला आणि पुढे हाच दिवस आपला ‘रोममधील वाढदिवस’ म्हणून पाळू लागला. शिष्यवृत्ती संपली, काम मिळेना, आणि १८०३ मध्ये तो परत निघण्याच्या बेतात असताना एका इंग्रज धनिकाने त्याच्या ‘जेसन’ या पुतळ्याची संगमरवरी प्रत मागितली. मुक्काम वाढला. पुतळा गिऱ्हाइकाच्या हाती पडायला १८२८ साल उजाडले, आणि मधल्या एका भेटीचा अपवाद सोडल्यास थोरवाल्डसन कायमचा घरी आला तो १८३८ मध्ये. संग्रहालयाच्या बाहेरच्या भिंतींवर त्याच्या त्या परतण्याचाच प्रसंग रंगीत पट्ट्यात चितारलेला आहे: होड्या, टोप्या हलवणारे लोक, आणि दुसऱ्या बाजूंना पुतळ्यांचे पेटारे ओढणारे मजूर. आत अंगणात त्याची कबर आहे. परवान्याची मुदत आणि नोकरीचे अर्ज खिशात घेऊन या भिंतीभोवती फिरणाऱ्याला जेसनची पंचवीस वर्षांची दिरंगाई दिलासा देणारी वाटते की धडकी भरवणारी, हे ज्याच्या त्याच्या बँकेतील शिलकेवर अवलंबून असावे.

एकट्याने या शहरात येण्याचा पाठ तर जुनाच आहे. परीकथाकार हान्स क्रिस्तियान अँडरसन १८१९ च्या सप्टेंबरमध्ये ओडेन्सहून येथे आला तेव्हा १४ वर्षांचा होता आणि त्याला येथे नट व्हायचे होते. विसाव्या शतकात ब्लेगडाम्सवाय रस्त्यावर नील्स बोर यांनी १९२१ साली सुरू केलेल्या भौतिकीच्या संस्थेने अशा एकट्या पाहुण्यांना ओढून आणले. केंब्रिजमध्ये शिकणारे सुब्रह्मण्यन चंद्रशेखर १९३२-३३ मध्ये येथे राहिले, आणि त्याच दशकात मुंबईचे होमी भाभा हेही केंब्रिज व कोपनहेगन यांच्यात आपला काळ वाटून घेत होते. आज ती इमारत बाहेरून पाहिली तर काड्यापेटीसारखी साधी, फिकट रंगाची, मोठ्या रस्त्यालगत उभी आहे. पाहण्यासारखे तेथे काही नाही, आणि तरी भौतिकीचा विद्यार्थी तेथे जाऊन उभा राहतोच.

उलट दिशेचा प्रवासही झाला होता. डॅनिश राजाने १७६१ साली अरबस्तानात पाठवलेल्या शास्त्रीय मोहिमेतील एकेक सदस्य तापाने दगावत गेला. मोजणी आणि नकाशे यांचे काम असलेला कार्स्टन नीबूर १७६३ मध्ये मुंबईला पोहोचला, तेथे उरलेला डॉक्टरही वारला, आणि नीबूर एकटा राहिला. वर्षाहून अधिक काळ तो मुंबईत होता. त्या अवधीत त्याने होडीने घारापुरीला जाऊन तेथील लेणी मोजली, त्यांचा आराखडा आणि शिल्पांची चित्रे काढली; ती १७७८ साली कोपनहेगनमध्ये छापून निघाली, आणि घारापुरीची इतकी काळजीपूर्वक केलेली चित्रे युरोपने त्यापूर्वी फारशी पाहिली नव्हती. सहाजणांच्या मोहिमेतून १७६७ साली कोपनहेगनला परतलेला तो एकमेव.

दुसरा माणूस रास्मुस रास्क. युरोपीय भाषांतील व्यंजनांचे बदल नियमाने होतात हे ज्यांनी प्रथम नीट मांडले त्यांच्यापैकी तो एक. १८१६ मध्ये तो कोपनहेगनहून निघाला, स्वीडन, रशिया, काकेशस आणि इराण ओलांडून १८२० साली मुंबईत उतरला, आणि तेथील पारशी दस्तुरांकडून अवेस्ता व पहलवीच्या हस्तलिखितांचा मोठा संग्रह घेऊन १८२३ मध्ये परतला. मुंबईतील ती पाने विद्यापीठाच्या ग्रंथसंग्रहात गेली, आणि पुढे रास्क स्वतःच विद्यापीठाचा ग्रंथपाल झाला. ते ग्रंथालय तेव्हा साडेसात फेरे चढून जाण्याच्या त्याच गोल मनोऱ्याला लागून, चर्चच्या माळ्यावर होते. १८६१ पर्यंत ते तेथेच राहिले.

औट दिवसांतला शेवटचा अर्धा दिवस नॉरेब्रोमधील ‘असिस्टेन्स’ दफनभूमीसाठी ठेवावा. शहरातल्या चर्चांची अंगणे अपुरी पडू लागल्यावर, त्यांना ‘साहाय्य’ म्हणून १७६० साली ती वेशीबाहेर उघडण्यात आली. आरंभी ती गरिबांची होती, नंतर प्रतिष्ठितांनाही तेथेच जागा हवीशी वाटू लागली. पिवळ्या भिंतीच्या आत पॉपलरच्या उंच झाडांमधून सरळ वाट जाते आणि तिच्यावरून सायकलवाले कामावरून घरी जातात. ऊन असेल तर जुन्या, वापरात नसलेल्या भागातील गवतावर लोक चादर अंथरून पुस्तक वाचत पडलेले असतात, मुले धावत असतात, आणि त्याबद्दल कोणाला काही वाटत नाही. अँडरसन येथे आहे, रोज शहरभर फिरणारा तत्त्वज्ञ किर्केगॉर आहे, नील्स बोर आहे, आणि या तिघांच्या तुलनेत ज्याला शोधत फारसे कोणी येत नाही असा रास्कही आहे. ४४ वर्षांचा होऊन तो १८३२ मध्ये वारला. त्याच्या स्मारकशिलेवर चार भाषा आहेत: जुनी नॉर्डिक, अरबी, डॅनिश आणि संस्कृत. हॅम्बर्गची गाडी गाठण्यापूर्वी उरलेल्या वेळात तेथवर पोहोचलेला मराठी विद्यार्थी ती शिला वाचायला लागतो, तेव्हा मागच्या वाटेवरून जाणाऱ्या कोणाला काही विचारावे लागत नाही. चारांपैकी निदान एक ओळ त्याला शाळेत शिकलेल्या संस्कृतच्या आधाराने, अडखळत का होईना, लावता येते.